पित्रातली सुई

कर्जतला भार्गवी मॅडमचा लहान मुलांचा दवाखाना आहे, तिथली मी मालन सिस्टर. तालुक्यातल्या निम्म्या पोरांनी आयुष्यातली पहिली शिवी मलाच हासडलेली आहे, बोबडी का असेना. मला त्याचं काही वाटत नाही. पोरं टोचलं की रडतात, बिस्कीट दिलं की गप्प बसतात. डोक्याला ताप असतो तो पोरांबरोबर येणाऱ्या मोठ्या माणसांचा. आणि त्या मोठ्या माणसांत सगळ्यात मोठं माणूस म्हणजे बिभीषण.

मोठं म्हणजे खरोखरचं मोठं. आमच्या दारातून आत येताना त्याला जरा तिरकं व्हावं लागतं. मिरजगावच्या अलीकडच्या वाडीत त्याचं घर. पहाटे वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करायचं आणि टेम्पोतून डेअरीला घालायचं, हा धंदा. आईबाप गेलेले. लग्नाचं म्हणाल तर मुली बघता बघता मध्यस्थच म्हातारा झाला. दूध-टेम्पो म्हटलं की मुलीकडचे चहा पिऊन उठायचे. एक धाकटी बहीण, सुकन्या. ती जामखेडच्या पुढं डोंगराकडेच्या गावात दिलेली. तिचा एकुलता एक मुलगा पार्थ, चार वर्षांचा. बिभीषणाचा संसार काय तो एवढा एक भाचा. टेम्पोच्या मागं 'पार्थ' असं टेम्पोच्या नंबरापेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलंय.

माणूस सोन्यासारखा. फक्त एक रोग आहे, मानापानाचा. कुणाच्या लग्नात टॉवेल-टोपी द्यायला विसरले, तर हा पंगतीवरून उठणार आणि वाटेत चार वडापाव खाऊन घरी येऊन सांगणार की मी उपाशी आलो. पार्थचं जावळ होतं तेव्हा याचा टेम्पो रस्त्यात बंद पडला. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं असतं. पण वेळ टळून चालली म्हणून तिकडच्या लोकांनी भावकीतल्या कुणाच्या तरी मांडीवर उरकून घेतलं. झालं! त्या दिवसापासून सुकन्याची सासू दगडाबाई आणि हा बिभीषण यांच्यात विस्तव जात नाही. दगडाबाईही काही कमी नाही. नावाला जागणारी बाई. तीही म्हणायची, "मामाला भाच्यापरीस टेम्पोच प्यारा, त्याला आमी काय करनार?"

आता मुद्द्याचं. सुकन्या आणि तिचा नवरा वैजनाथ दिवाळीच्या तोंडावर ऊसतोडीला जातात, कोल्हापूरकडं. पोर बरोबर. दोन हिवाळ्यांमागं तिथं पार्थला ताप भरला, खोकला धरला, आणि दोन दिवसांत पोराच्या फासळ्या आत-बाहेर व्हायला लागल्या. सरकारी दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवलं. बिभीषण इथून रातोरात टेम्पो घेऊन गेला, दुधाच्या कॅनसकट. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, फ्लू होता, छातीत उतरला. पोर वाचलं. पण सुकन्या जी हबकली ती हबकलीच. पुढच्या भादव्यात ती माझ्यासमोर बसून म्हणाली, "सिस्टर, ह्याला मागं ठिवून माझा जीव ऱ्हानार न्हाई. आन् न्ह्यावं तर भ्या वाटतं. तिथं ऱ्हायला पाचटाची कोपी, पहाटंचं दव, धूर. मी करू काय?"

करायचं काय ते मॅडमनी सांगितलं. फ्लूची लस दरवर्षी नवी येते, ती घ्या. नऊ वर्षांच्या आतलं पोर असेल आणि आधी कधीच घेतली नसेल, तर पहिल्या वर्षी दोन डोस लागतात, दोन्हींत निदान चार आठवड्यांचं अंतर ठेवून. पहिल्या डोसनं शरीराला नुसती ओळख होते, दुसऱ्यानं खरी ताकद येते. ती यायलाही पुढं दोनेक आठवडे जातात. पुढच्या वर्षीपासून एकच. सगळा सर्दी-खोकला यानं थांबत नाही, पण फ्लू झालाच तर पोर ऑक्सिजनपर्यंत जायची भीती पुष्कळ कमी होते.

बिभीषण खुर्चीत मावत नव्हता, तरी पुढं सरकला. "मॅडम, दोन्ही एकदमच टोचा की. ह्या दंडात एक, त्या दंडात एक. पुना हेलपाटा कशाला?"

"तुम्ही दोन दिवसांचं जेवण एकदम जेवता का?" मॅडमनी विचारलं.

त्यांनी हे कुणाला विचारावं! "जेवतो की," बिभीषण म्हणाला.

मी तोंड फिरवून हसून घेतलं. मॅडमनी पुन्हा शांतपणे सांगितलं, एकदम देऊन उपयोग नाही, अंतर हवंच. हिशेब बरोबर बसत होता. आज पहिला, चार आठवड्यांनी दुसरा, आणि त्यानंतर ऊसतोडीची टोळी निघणार. पार्थला मामानं मांडीवर घेतलं, मी टोचलं, पोरानं मला रीतसर शिवी दिली. मामाची छाती फुगली. जावळाची भरपाई झाली म्हणायची! जाताना बहिणीला दटावून गेला, "तुझ्या सासूला सांगू नगं. मामाचा मान मामानं केला." आणि तिला सांगू नको म्हणणारा हा गडी स्वतः दूध गोळा करताना दारोदार सांगत सुटला, की भाच्याला पहिली सुई मी दिली. गावात अशी बातमी दुधाच्या आधी पोचते. आठवडा झाला नाही तोवर ती डोंगराकडेच्या गावात दगडाबाईच्या अंगणात जाऊन पडली.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. सुकन्या माहेरी आली होती ती आईबापाच्या पित्राला. म्हणजे ही पहिली सुई पितृपंधरवड्यात दिलेली. आमच्याकडं त्या दिवसांत कुणी नवी चप्पलसुद्धा घालत नाही.

चार आठवडे झाले. बिभीषण ठरल्या दिवशी बहिणीला आणि भाच्याला घेऊन हजर, अंगात इस्त्रीचा शर्ट. मी सुई काढली आणि सवयीनं विचारलं, "मधे आणखी कुठली लस-बिस दिली नाही ना?"

"न्हाई," सुकन्या म्हणाली.

"आजीनं दिली की," पार्थ म्हणाला. "देवीला गेल्तो तवा. सुई दिली आन् पेढा दिला."

सुई माझ्या हातातच राहिली. सुकन्या पोराकडं बघायला लागली. ती त्या दिवसांत सोयाबीन काढायला जात होती. सासू नातवाला देवीच्या दर्शनाला नेते म्हणाली, हिनं पाठवलं. त्यात एवढं काय विचारायचं? तिनं तिथंच सासूला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"व्हय, दिली," दगडाबाई म्हणाली. तिच्या आवाजात कुठं चोरी नाही. "पित्रातली सुई ती! ती काय लागू व्हनार हाय? पित्रात केलेलं कुटलं शुभकाम लागू झालंय आजवर? म्हनून मी नवरात्रात, देवीची माळ घालून, चांगला वार बघून पुना दिली. आन् डागदर विचारत हुता, आदी दिली का म्हून. मी म्हनलं, न्हाई, ही पहिलीच. आमच्या पोराची पहिली सुई आमच्या घरानं दिली."

घ्या! म्हणजे पहिल्या डोसनंतर दोन आठवडेही पुरते झाले नव्हते तेव्हा दुसरा. तिथल्या डॉक्टरांची यात काहीच चूक नाही. आजीच छातीठोकपणे सांगते म्हटल्यावर ते काय पंचांग बघणार?

मी मॅडमना हाक मारली. त्यांनी ऐकलं, कपाळाला हात लावला आणि सांगितलं, की घाबरू नका, जास्तीच्या डोसनं पोराला अपाय नाही. पण फार लवकर दिलेला डोस दुसरा म्हणून धरता येत नाही. तो बाद. नवरात्रातल्या त्या सुईपासून पुन्हा चार आठवडे थांबायचं आणि मग परत द्यायचा.

म्हणजे गंमत बघा, पित्रातली लागू आणि नवरात्रातली बाद! फोन चालूच होता, दगडाबाईनं हे सगळं ऐकलं. बिभीषणाला तेवढंच पुरे झालं. तो फोनवर ओरडला, "ऐकलं का मावशी? पित्रातली लागू! मामाची लागू! तुमची गेली पाण्यात!"

"अरं जा, टेम्पो ढकल तुझा!" फोनमधून उत्तर आलं.

बाकावरच्या आया पदराआड हसायला लागल्या. मीही हसत होते, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात माझं लक्ष सुकन्याकडं गेलं आणि माझं हसू विरलं. ती बोटांवर दिवस मोजत होती. टोळी त्या आठवड्यात निघणार होती. मुकादमाला शब्द दिलेला, वैजनाथनं सामान बांधलेलं. तिसरी सुई दिवाळीनंतर. त्यापुढं दोन आठवडे.

"दादा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण सगळा दवाखाना ऐकत होता. "ह्यो माझा पोरगा हाय. मानाचा टॉवेल न्हाई, तुमी दोघांनी वडायला. मागल्या साली ह्याचं नाक निळं पडलं हुतं, तवा मी एकलीनं बघितलं. तू दुसऱ्या दिशी सकाळी आलास. आत्याबाई तर आल्याच न्हाईत. आता म्या ह्याला न्यायचा का ठिवायचा, सांग!"

बिभीषण एवढा धिप्पाड गडी, पण मान खाली घालून शर्टाचं बटण कुरवाळत बसला. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ते खोटं नाही, इथं पोराचं तेच झालं होतं.

"ठिवते," सुकन्याच म्हणाली. "पन तुझ्याकडं एकट्याकडं न्हाई, आन् आत्याबाईंकडं बी न्हाई. दोघं एका घरात ऱ्हा. ह्यो दवाखाना जवळ, म्हनून तुझ्या घरी. आत्याबाई, ऐकताय न्हवं? बोचकं बांधा."

सुनेच्या माहेरी सासूनं मुक्काम ठोकायचा, तोही महिनाभर! आमच्याकडं जीव गेला तरी कुठली विहीणबाई हे करणार नाही. लोक तोंडात शेण घालतील. पण दगडाबाई आली. आली म्हणजे वैजनाथनं तिला मोटरसायकलवरून आणून सोडली आणि ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "घर हाय का गोठा?"

टोळी निघाली त्या दिवशी सुकन्यानं पोराला सांगितलं की मी बाजारातून खाऊ घेऊन येते. खरं सांगायचा धीर झाला नाही तिला. ट्रॅक्टर वळणाआड गेला तरी पोर रस्त्यावर उभं. हे मला बिभीषणानंच सांगितलं. दूध घालून परत जाताना तो रोज दवाखान्याच्या दारात टेम्पो थांबवायचा आणि मला बातम्या पुरवायचा, जसा काही मी त्याचा वकील.

"सिस्टर, म्हातारीनं माझी चहाची पातेली भाईर फेकली. म्हनती काळी झाली."

"सिस्टर, म्हातारीला माझी भाजी गिळंना. मी म्हनलं, मंग तुमीच करा. तर करती हो! लई झ्याक करती. पन सांगायचं न्हाई म्या ठरिवलंय."

"सिस्टर, चकल्या वातड झाल्या. मी बोललो. तिनं मला चकली फेकून मारली. पार्थ हासला. पहिल्यांदा हासला बगा."

दिवाळी त्या घरात अशी झाली. सुकन्याचा रोज संध्याकाळी व्हिडिओवर फोन यायचा. पहिले दोन-चार दिवस पार्थ फोनला चिकटून बसायचा, खाऊ कुठाय विचारायचा. मग विचारायचा बंद झाला. मग फोन आला की टेम्पोत जाऊन बसायला लागला आणि हॉर्न वाजवत राहायचा. दगडाबाई सुनेला सांगायची, "ख्येळतोय गं, मजंत हाय." आणि फोन ठेवला की डोळ्याला पदर लावायची. बिभीषण म्हणाला, "म्हातारीला रडताना बघून मला बी कसंसंच व्हतं. मी बी भाईर जातो. मंग आमी दोघं दोन बाजूंना बसतो आन् पोरगं मधी हारन वाजवतंय."

तिसरी सुई दिली त्या दिवशी दोघं बरोबर आले. कुणी मांडीवर घ्यायचं यावरून भांडतील म्हणून मी आधीच तयारीत होते. पण दोघंही म्हणायला लागले, तुमी घ्या, नको तुमी घ्या. शेवटी मी वैतागून पार्थला टेबलावरच बसवलं आणि टोचलं. पोर रडलं नाही. मला शिवीही दिली नाही. मला तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं होतं.

मग दोन आठवडे वाट बघून बिभीषणानं दुधाची फेरी चुलतभावावर सोपवली आणि टेम्पो कोल्हापूरच्या वाटेला लावला. पुढच्या सीटवर दगडाबाई, मांडीवर पार्थ. परत आल्यावर तो दवाखान्यात आला, पण या वेळी दारातून हाक मारली नाही. आत येऊन बाकावर बसला. मी विचारलं, "काय रे, पोचलं का पोर?"

"पोचलं," तो म्हणाला. "उसाच्या फडात गेलो आमी. सुकी कोयता टाकून पळत आली. पायात चप्पल न्हाई, केसात पाचाट. हात पुढं केलं तिनं. आन् पोरगं माझ्या गळ्याला चिकाटलं. सुटंना. रडाय लागलं, सिस्टर. म्हनलं, मला न्हाई जायचं हिच्याकडं. ही खोटं बोलती."

मी हातातला ट्रे खाली ठेवला.

"हिच्याकडं म्हनला. आय न्हाई म्हनला." एवढा मोठा गडी, माझ्या बाकावर बसून हमसून हमसून रडला. "ती तशीच उबी, सिस्टर. हात तसंच पुढं. म्हातारी खाली बसली मातीत. म्हनली, सुकन्ये, माज्यामुळं झालं गं. मी म्हनलं, न्हाई, माज्यामुळं. आयुष्यात पहिल्यांदा आमी मान येकमेकाला दिला बगा, आन् तो बी कशाचा!"

पोर त्या रात्री आजीजवळ झोपलं. म्हणून दगडाबाई तिथंच थांबली, कोपीत, थंडीत. हळूहळू आठवड्याभरात पोर आईकडं सरकलं म्हणे. फ्लूचं म्हणाल, तर त्या हिवाळ्यात टोळीतली बरीच माणसं तापानं झोपली. पार्थ दोन दिवस शिंकला आणि उठून पळायला लागला. सुईनं तिचं काम चोख केलं होतं. माणसांचंच काम राहिलं होतं.

औंदा भादव्यात दवाखान्याच्या दाराशी टेम्पोचा हॉर्न वाजला. मी खिडकीतून बघितलं. पुढं बिभीषण आणि दगडाबाई शेजारी-शेजारी बसलेले, दोघांच्या मधे शेंगांची पुडी. खाली मात्र कुणी उतरेना. उतरली ती एकटी सुकन्या, पार्थचा हात धरून. आत आली आणि खुर्चीत बसली.

"त्यांना का बाहेर ठेवलंस?" मी विचारलं.

"मीच म्हनलं, खाली उतरायचं न्हाई. औंदा एकच सुई हाय न्हवं?"

"एकच. मागल्या वर्षी दोन लागू झाल्या, आता दर साली एक."

"मंग ती माझी." तिनं पार्थला मांडीवर ओढलं. "पंचांग बी बघितलं न्हाई, आन् कुनाला इचारलं बी न्हाई. आन् ह्याला घरातनं निघतानाच सांगितलं, सुई टोचनार हाय, दुखनार हाय. औंदा जाताना बी खरं सांगूनच जानार, खरं सांगूनच न्हेनार."

खरं सांगितल्याचा परिणाम दिसतच होता. मी कापूस भिजवला तेव्हाच पार्थनं भोकाड पसरलं. मला चांगली सणसणीत शिवी दिली, आता बोबडीही नाही. आणि आईच्या गळ्याला अशी मिठी मारली की तिची पोत तुटायची वेळ आली.

"अगं, हात धर त्याचा, हलतोय," मी ओरडले.

सुकन्यानं हात धरला. ती हसत होती आणि डोळे वाहत होते. "रडू द्या त्याला, सिस्टर," ती म्हणाली. "गेल्या साली माझ्याकडं यायचं म्हनून रडला हुता. औंदा माझ्याजवळ रडतोय."